झूम मागे घेताना

मुलुंडची ती बिल्डिंग उद्या रिकामी होणार होती. चौदा बिऱ्हाडांपैकी पाच एकमेकांशी बोलत नव्हती, पण शेवटच्या फोटोला तीही कोपराला कोपर लावून उभी राहिली. सगळी पुन्हा एका जागी सापडणार नव्हती, म्हणून हा फोटो चुकवून फोटोग्राफर प्रितमला चालणार नव्हतं.

त्याच्या लेन्सला मात्र एक खोड होती. झूम मागे घेतला की फोकस माणसांना सोडून अलीकडे, कॅमेऱ्याच्या जवळ सरकायचा. तरी सवयीने त्याने मधल्या खुर्चीतल्या सुंदराबाईंच्या चष्म्यावर फोकस धरला आणि झूम मागे घेतला.

सगळे धूसर झाले. सुंदराबाई तेवढ्या लख्ख होत्या.

प्रितमने मान वर केली. त्या वीस फुटांवर, खुर्चीतच होत्या.

"काय रे, आमची तोंडं बघून दमलास?" सेक्रेटरी काशीराम म्हणाले.

"एक मिनिट, काका. आजी, हलू नका हं."

"मी कशाला हलते, बाबा? गुडघे बघ माझे."

त्याने झूम आणखी मागे घेतला. फोकस किती अंतरावर आहे ते दाखवणारा लेन्सवरचा आकडा पाच फुटांवर आला. पाच फुटांवर नुसती फरशी होती. तरी सुंदराबाईंच्या चष्म्याच्या दोरीची वीणसुद्धा दिसत होती.

अजून मागे. आकडा दीड फूट. आता त्यांच्या पापण्या मोजता येत होत्या.

तेवढ्यात चित्र पांढुरकं झालं. प्रितमने कॅमेरा वळवून पाहिलं. भर उन्हात लेन्सच्या काचेवर, बाहेरच्या बाजूने, वाफ धरली होती. ती हळूहळू विरली, आणि पुन्हा धरली.