मिटलेला हिरवा डोळा

ठिणगी दुकानात शिरली तेव्हा टेबलाशी बसलेले गृहस्थ चटकन उठून उभे राहिले, आणि ती तिथेच गार पडली. नोकरी मागायला आलेल्या माणसासाठी जो मालक उठून उभा राहतो, तो एक तर फार मोठ्या मनाचा असतो, नाही तर फार खवट.

“ती दारावरची ‘मदतनीस पाहिजे’ची पाटी…” तिने सुरुवात केली.

“वाचली मी,” गृहस्थ घाईने म्हणाले.

आपलीच पाटी वाचणारा मालक तिला आवडला. बहुतेक लोक लिहितात आणि विसरून जातात.

ठिणगी हे तिचं घरचं नाव. लहानपणी तिने घराचा फ्यूज इतक्या वेळा उडवला होता, की खरं नाव आता फक्त कागदपत्रांना ठाऊक होतं. ती कामाला होती तो कारखाना बंद पडल्यापासून तिच्यापुढे दोनच वाटा उरल्या होत्या. एक म्हणजे हे जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान. दुसरी म्हणजे भाऊजींच्या झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून जन्मभर लोकांची ओळखपत्रं उलटीसुलटी करणं. भाऊजींनी तिच्यासाठी स्टूलसुद्धा आणून ठेवलं होतं.

“बसा ना, मॅडम,” गृहस्थांनी आपली खुर्ची पुढे केली.

मॅडम. म्हणजे खवटच, तिने मनात नोंद केली.

टेबलावर करड्या रंगाची लोखंडी पेटी होती. मधोमध मोठी तबकडी आणि वर काचेचा हिरवा डोळा. कपॅसिटर तपासायचं जुनं यंत्र. कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारी डबी. ती धड असेल तर डोळा उघडतो, गळकी असेल तर मिटतो. हा डोळा मिटलेला होता.

ठिणगी काय ते समजली. या धंद्यात मुलाखत तोंडी घेत नाहीत. बिघडलेलं यंत्र पुढे ठेवतात आणि गप्प बसून बघतात. गृहस्थ गप्पच होते, आणि बघतही होते.

दाराजवळच्या बाकावर एक मावशी मांडीवर रेडिओ घेऊन बसल्या होत्या आणि फडक्याने त्याची जाळी पुसत होत्या. ठिणगीने विचारलं, “आधी मावशींचं बघू या का?”

“तुम्ही म्हणाल तसं,” गृहस्थ म्हणाले.

“माझं काही अडलेलं नाही,” मावशी म्हणाल्या. “तुमचं चालू द्या.”

ठिणगीने टेबलावरच्या पाकिटातला कोरा कपॅसिटर लावला. डोळा मिटलेला. दुसरा लावला. तसाच. मग तिने काहीच लावलं नाही, तरी डोळा मिटलेलाच.

“हवेलाही गळती लागली असेल तर माझं काही म्हणणं नाही,” ती म्हणाली.

गृहस्थ हसले, पण परवानगी मागितल्यासारखं बेताने. “म्हणजे मोतीबिंदू झालाय. दुनिया स्वच्छ आहे, यालाच धुरकट दिसतंय.”

“बरोबर. याच्या पोटातलाच एखादा कपॅसिटर गळतोय.”

तिने प्लग काढला, पेटी उघडली आणि हात घालण्याआधी आत साठून राहिलेली वीज निचरून टाकली. गृहस्थांनी समाधानाने मान हलवली. तिच्या जिवात जीव आला.

“सोल्डरिंग आयर्न कुठे असतं, सर?”

गृहस्थांनी एक खण उघडला. त्यात चहाचे कप होते. दुसऱ्यात छत्री निघाली. स्वतःच्याच दुकानात इतका हरवलेला माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. पण ज्याच्याकडे आधी चांगला मदतनीस असतो, त्याची पुढे हीच गत होते. ती जागा आपल्यासाठीच रिकामी आहे, या विचाराने तिला हुरूप आला.

“खिडकीखाली बघा,” बाकावरून मावशी म्हणाल्या. “तिथे काहीतरी वायर लोंबतेय.”

आयर्न तिथेच होतं.

मधेच फोन वाजला. ठिणगीने गृहस्थांकडे पाहिलं, गृहस्थांनी ठिणगीकडे. दोघंही अदबीने थांबले. फोन वाजून वाजून दमला.

“मी आधी हा काढला असता,” गृहस्थांनी मेणाचं आवरण चढवलेल्या एका जाडसर कपॅसिटरकडे बोट केलं. “अर्थात, निर्णय तुमचा.”

“मला तो शेजारचा वाटतोय.”

“मग शेजारचाच असणार.”

“नाही, तुम्ही म्हणताय तर…”

“छे छे, तुम्ही म्हणताय तर…”

शेवटी दोन्ही काढले. मीटरवर दोन्ही गळके निघाले. गृहस्थांनी टॉर्च धरला, तिने त्यांच्या जागी नवे बसवून सोल्डरचे डाग दिले. एकदा तिला डाग नीट दिसेना तेव्हा त्यांनी न सांगताच प्रकाश जरा जवळ आणला. खवट माणूस असं करत नाही. हा माणूस मालक म्हणून मिळाला तर आपण पगारही जरा लाजतच मागू, असं तिला वाटलं.

प्लग लावला. आतल्या काचेच्या नळ्या तापेपर्यंत दोघं डोळ्याकडे बघत थांबले. मावशींचं फडकंही थांबलं होतं. ठिणगीने कोरा कपॅसिटर अडकवला, तबकडी हळूहळू फिरवली, आणि झोपेतून उठल्यासारखा हिरवा डोळा सावकाश उघडला. गळका लावला, तर पटकन मिटला.

“आला की शुद्धीवर,” गृहस्थ पुटपुटले.

ठिणगीने हात पुसले. आता विचारायलाच हवं होतं. तिने श्वास घेतला, पण गृहस्थांनीच आधी शर्ट नीट केला, घसा खाकरला आणि ते तिच्यासमोर ताठ उभे राहिले.

“मग मॅडम, माझं जमलं म्हणायचं?”

“काय जमलं?”

“नोकरीचं.”

ठिणगीला डोळ्यांसमोर झेरॉक्सच्या दुकानातलं स्टूल स्पष्ट दिसलं.

“सर,” ती हळूच म्हणाली, “मी तेच तुम्हाला विचारणार होते.”

मावशींनी रेडिओ खाली ठेवला, पर्समधून दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यातल्या दोन किल्ल्या निवांतपणे सोडवल्या.

“एक शटरची, एक मागच्या खोलीची,” त्या म्हणाल्या. “कुणी कुठली घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा. मी उद्यापासून उशिरा उठणार आहे.”