एकीचं ताट

"जापानी भोजन," पंक्चरच्या दुकानाशेजारची हातानं रंगवलेली पाटी जुईनं वाचली. "पापा, गाड़ी रोको।"

सुबोधनं गाडी थांबवली ती हसायला मिळेल म्हणून. सकाळपासून तो बायकोला हे गाव दाखवत होता. लखनौपासून दीडशे किलोमीटर. रविवारामुळे बंद असलेली बँकेची शाखा, तिच्या दारात रवंथ करत बसलेली म्हैस, वरच्या मजल्यावरची भाड्याची खोली. म्हशीचा तर त्यानं फोटोही काढला होता.

"ह्या शाखेची तू मॅनेजर," तो दर वळणावर म्हणत होता. "आणि संध्याकाळी खाणार काय? समोसे?"

प्रणिताला मॅनेजरची बढती तिसऱ्यांदा आली होती. पहिली तिनं जुई लहान म्हणून सोडली, दुसरी सासूबाईंच्या आजारपणात. आता बावन्न पूर्ण झाली होती. चौथी काही यायची नव्हती. उत्तर उद्या, सोमवारी द्यायचं होतं. नकाराचं पत्र सुबोधनं लखनौत, मानक नगरच्या आपल्या ऑफिसात स्वतः टाइप करून आणलं होतं. सहीपुरती जागा तेवढी कोरी होती.

आत तीनच टेबलं. स्वयंपाकघराच्या दारात साठीची एक बाई उभी होती, सुती साडीवर पांढरा एप्रन बांधून.

"चाऊमीन मिलेगा?" सुबोधनं विचारलं.

"चौराहे पर मिलेगा," बाई म्हणाली. "यहाँ एक ही थाली बनती है। रोहू, बैंगन, सूप, चावल।"

"और यह जापानी है?"

"जापान से जो यात्री आते हैं, उनकी धर्मशाला में बाईस साल पकाया है, भैया। धर्मशाला बंद हो गई। हाथ थोड़े ही बंद हुए।"

थोड्या वेळानं तीन ताटं एकदम आली. मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेला रोहूचा तुकडा, काळपट चकाकणारं वांगं, अंड्याची गुंडाळी, मुळ्याच्या चार चकत्या, झाकणाच्या वाटीत सूप, दुसऱ्या वाटीत भात. प्रणितानं टेबलावर इकडेतिकडे पाहिलं. वाढायचं भांडं कुठे नव्हतं. डावही नव्हता.

मग सवयीनं हात चालला. आपल्या माशातला मधला, बिनकाट्याचा भाग मोडून तिनं सुबोधच्या ताटात ठेवला. अंड्याची गुंडाळी जुईला दिली. मुळ्याची वाटणी करणार, इतक्यात बाई टेबलाशी आली. चिमट्यानं तिनं मासा उचलला, अंडं उचललं आणि दोन्ही प्रणिताच्या ताटात परत ठेवलं.

"बहनजी, यह आपका है। उनका उनके पास है।"

"वो हमारे यहाँ ऐसे ही..." प्रणिता ओशाळून म्हणाली.

"हमारे यहाँ भी," बाई म्हणाली. "इसीलिए तो थाली अलग-अलग लगाती हूँ।"

प्रणितानं झाकण काढलं. सुपाची वाफ चष्म्यावर आली. घरी तिच्या वाट्याची आमटी नेहमी कोमट असायची, हे तिला आत्ता, जीभ भाजल्यावर आठवलं. ती फुंकर घालून प्यायली. वांगं गोडसर होतं आणि दातांची वाट न बघता विरघळत होतं. माशाची कातडी कुरकुरीत होती. तीही तिनं खाल्ली. एरवी ती जुईची.

"आई, सच में," जुई तोंडात घास घेऊन म्हणाली, "अपना गोमती नगर वाला जापानी रेस्टोरेंट इसके सामने कुछ नहीं है।"

सुबोधचं ताट सगळ्यांत आधी रिकामं झालं. भाताचं शीतही उरलं नव्हतं. म्हणून बहुधा त्यानं जेवणाचा विषय काढलाच नाही. खिशातून पत्र काढलं, घडी उलगडून प्रणितासमोर ठेवलं, वर पेन ठेवलं.

"इथेच सही करून टाक. घरी पोचलो की मेल करतो. उद्या उगीच धावपळ नको."

"जेवतेय मी."

"मग जेवून कर. अगं, एक दिवस मजा म्हणून ठीक आहे हे. रोजचं काय? तू इथे, जुई परीक्षेच्या मागे. मी संध्याकाळी घरी येऊन खाणार काय?"

"समोसे," प्रणिता म्हणाली.

जुईला सूप पिता पिता ठसका लागला. सुबोधनं तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती चेष्टा करतेय का, हे सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला कळेना.

रोहूत काटे फार. प्रणितानं एक जिभेवरून अलगद काढला आणि ठेवायला जागा शोधली. ताटात प्रत्येक वाटी आपापल्या जागी चपखल बसली होती. तिनं पेन उचलून सुबोधच्या बाजूला सरकवलं, पत्र जवळ ओढलं आणि काटा सहीच्या जागेवर ठेवला. मग दुसरा. घाई नव्हती तिला.

"प्रणिता," सुबोध हळूच म्हणाला.

"थांबा हो. काट्यांचं काम आहे. बोलता येत नाही."

बाई रिकामी ताटं न्यायला आली. कागदावरचे काटे तिनं पाहिले. प्रणिताच्या ताटाला तिनं हात लावला नाही. त्यात अजून अंडं होतं.

"शाम को भी खुला रहता है?" प्रणितानं विचारलं.

"सात से नौ। रोज़।"

"पहली तारीख से मेरी थाली लगाइएगा।"

"कितनी लगाऊँ?" बाईनं तिघांकडे पाहिलं.

प्रणितानं अंड्याची गुंडाळी अख्खी तोंडात टाकली, सावकाश चावली, गिळली.

"एक।"