शेवंताचा करंज

विद्यापीठात आता पदवीसाठी परीक्षेबरोबर एक झाडही जगवावं लागे. पहिल्या वर्षी लावलेलं झाड खोडातल्या चिपमधून स्वतःची रोजची हजेरी लावी. पदवीदानाच्या सकाळी कुलसचिव पाठकांनी शेवंता गावितला बोलावलं.

"हवा शुद्ध करणारं यंत्र येतंय, हजार झाडांचं काम करणारं. ते बसवायच्या जागेवरची तुमच्या वर्गाची झाडं काढायचीत. सगळ्यांनी संमतीचा अंगठा दिलाय, तुझाच राहिलाय."

"माझ्या करंजाला मी चार वर्षं अंघोळीचं पाणी घातलंय, सर. मी नाही देणार."

"मग पदवी मिळणार नाही."

"झाड जगलं तर पदवी, हा नियम तुमचाच. माझं जगलंय. अडवायची तर तसं लिहून द्या."

पाठकांनी पेन उचललं नाही. शेवंता सभागृहाकडे न जाता थेट करंजाखाली जाऊन उभी राहिली. करवती घेऊन आलेले कामगार तिचं झाड सोडून पुढच्या झाडाकडे वळले. तेवढ्यात काळा झगा सावरत तिच्या वर्गातला निहाल मुजावर धावत आला.

"शेवंता, दिलेला अंगठा परत घेता येतो का गं?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "तुझं झाड कुठलं? आधी त्याच्याखाली उभा राहा."