ओळ देणारी

निडी गावातल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत निम्म्यांना वाचता येत नाही, म्हणून गाणं चालवणारा एकेक ओळ देतो आणि बाकीचे ती उचलतात. तीस वर्षं ती ओळ गुणाजीकाकांनी दिली. घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज गेला, तेव्हा पाळकसाहेबांनी त्यांची पेटी माझ्यापुढे सरकवली. “शांती, आजपासून तू.” “घाबरू नको गो,” शेजारच्या गिरजाबाई म्हणाल्या, आणि मी जास्तच घाबरले. त्या भीतीत मी फार वरची पट्टी धरली. पहिली ओळ कशीबशी निभावली. ध्रुपदाला सूर चढला तसे एकेक आवाज सुटत गेले. आधी पुरुषांचे, मग बायकांचे, शेवटी माझाच आवाज फाटला आणि भात्यावरचा हात थांबला. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. मागून कुणीतरी पुटपुटलं, “पोरीला नाय जमायचं.” तेवढ्यात गुणाजीकाका पुढच्या सतरंजीवरून उठले. आता ते आपली पेटी परत घेणार. खरं सांगते, घेतली तर सुटले, असंच मला वाटलं. त्यांनी माझं बोट धरलं, चार पट्ट्या खाली नेऊन ठेवलं आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसले, मांडी घालून, ओळीची वाट बघत. मी भाता दाबला आणि ओळ दिली. कुणीच उचलली नाही. मग दिसलं, पुढच्या सतरंजीवर काकांचे ओठ हलत होते. आवाज नसलेल्या त्या माणसानं माझी ओळ सगळ्यांच्या आधी उचलली होती.