घसरलेल्या ओळी

पडद्यावरची ओळ पुन्हा लाल झाली. मुलगी, वय सात, काम आठवड्याला चौदा तास.

संगणकासमोर बसलेल्या तिनं सवयीनं वरच्या ओळीकडे पाहिलं. आई, वय एकोणतीस, काम काही नाही. म्हणजे नेहमीचीच चूक. घरोघर फिरून फॉर्म भरणाऱ्या बाईचा हात दारात उभ्या उभ्या लिहिताना एक ओळ खाली घसरला, आणि आईचे तास लेकीच्या नावावर पडले. सांख्यिकी कार्यालयात अशा दुरुस्तीला ‘ओळ चढवणं’ म्हणत. तास उचलायचे, आईच्या ओळीत ठेवायचे, मुलाची ओळ कोरी करायची. या आठवड्यात तिनं एकशे सदतीस ओळी चढवल्या होत्या. प्रत्येक फॉर्मचा क्रमांक वहीत टिपून ठेवला होता. कोणी सांगितलं नव्हतं, पण टिपून ठेवल्याशिवाय तिचा जीव स्वस्थ बसत नसे. शेजारच्या टेबलावरचे कारकूनकाका दर लाल ओळीला म्हणायचे, या माणसांना डोळे होते की बटणं.

पंचवीस वर्षांपूर्वीच्या पाहणीचे आकडे नव्या पद्धतीनं मांडून आंतरराष्ट्रीय कार्यालयाला पाठवायचे होते. देशात तेव्हा कोण काम करत होतं, कोणत्या वयाचं, किती तास. उद्या दुपारी तक्ता जाणार होता. विभागप्रमुख बाई सकाळपासून दोनदा येऊन, काही न विचारता, नुसत्या खुर्चीमागे उभ्या राहून गेल्या होत्या.

ओळ चढवायला तिनं बोट उचललं आणि फॉर्मच्या माथ्यावर तिची नजर गेली. घर क्रमांक सतरा. कुटुंबप्रमुख, गोदामावर पहारेकरी, आठवड्याला बहात्तर तास. नाव तिच्या वडिलांचं.

ती सात वर्षांची मुलगी म्हणजे ती स्वतः.

तिला एकदम हसू आलं, आणि मागोमाग ती खोली आठवली. खिडकीखाली शर्टांचा ढीग. कारखान्यातून शिवून यायचे, बटणं तेवढी लावायची राहिलेली असत. शाळेतून आलं की तिचं दप्तर कोपऱ्यात पडायचं आणि खेळ सुरू व्हायचा. एका शर्टाला सात बटणं, म्हणजे राजवाड्याला सात दारं. एक बटण लागलं की एक दार उघडायचं आणि आई गोष्ट तेवढीच पुढे न्यायची. आई समोर भिंतीला टेकून बसायची, दोन्ही हात गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवून. कसली म्हणून घाई नाही तिला. पाण्याची वाफ, नव्या कापडाचा वास आणि आईचा आवाज. आयुष्यात त्याहून सुखाची संध्याकाळ आपल्याला मिळाली नाही, असं ती नवऱ्याला कितीदा तरी सांगायची. आणि आपल्या तीन वर्षांच्या छोटीला आपण दहा मिनिटंही तशी देत नाही, हे तिला रोज टोचायचं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं आईला फोन लावला. छोटीला आईच सांभाळायची. आधी खोकला, मग जेवण, मग झोप, अशी रीतसर चौकशी झाली. आई म्हणाली, सकाळपासून हा चौथा फोन, पोर ठणठणीत आहे, आता मलाच ताप येईल. मग तिनं हसत हसत फॉर्मची गंमत सांगितली. तुझे चौदा तास त्या बाईनं माझ्या नावावर मांडले, म्हणाली. आता मी ते तुला परत करतेय.



“चूक नाही ती,” आई म्हणाली. “त्या वर्षी माझी बोटं वाकतच नव्हती. सुई धरता यायची नाही. शर्ट नको म्हटलं असतं तर पुन्हा मिळाले नसते.”

“पण आई, तो तर खेळ होता.”

“तुझा होता. तू दमू नयेस म्हणून मी रोज नवी गोष्ट रचायची. दुपारभर तेच डोक्यात असायचं. ती बाई भली होती. तुमच्याच नावावर लिहू का, म्हणाली. मी नको म्हटलं. जिनं केलं तिच्या नावावर लिहा, म्हटलं. कुठंतरी लिहिलेलं राहू दे.”

मग छोटी उठल्याचं निमित्त झालं आणि आईनं फोन ठेवला.

ती पडद्यासमोर परत आली. आठवणीतली खोली तीच होती, शर्ट तेच, पातेलंही तेच. फक्त त्या पाण्यातले हात तिला आज पहिल्यांदा दिसले.

“चढवली का ओळ?” काकांनी विचारलं.

“नाही, काका. बरोबर आहे ती.”

तिनं चौदा तास होते तिथंच ठेवले. शेरा लिहिला, ‘तपासले, योग्य.’ ओळीचा लाल रंग गेला. मग तिची नजर उघड्या वहीवर पडली. पानभर बारीक अक्षरात क्रमांक, एकाखाली एक.

मागे पावलं वाजली. विभागप्रमुख बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. या वेळी तीच आधी बोलली.

“बाई, तक्ता उद्या जायचा नाही.”

का, ते बाईंनी विचारलं. तिनं वहीतला पहिला क्रमांक खोडला आणि त्याचा मूळ फॉर्म पुन्हा उघडला.

मुलगा, वय नऊ, एकवीस तास.