हानची फेरी

व्हिएतनाममधल्या कान थो शहरातल्या एका नेट कॅफेतले नऊ संगणक तोआनची बायको हान बावीस वर्षं रोज सकाळी एकेक करून सुरू करायची. ती गेल्यावर लेकीनं, थ्वीनं, सगळ्यांतल्या डिस्क काढल्या आणि गल्ल्याखाली एक सर्व्हर बसवला. आता एक कळ दाबली की नऊही संगणक नेटवर्कवरून एकदम सुरू होणार होते.

"म्हणजे तिची फेरी संपलीच," तोआन म्हणाला.

"तुमचे गुडघे वाचले म्हणा की, बाबा."

थ्वीनं कळ दाबली. आधी खिडकीजवळचा स्क्रीन उजळला. मग पंख्याखालचा. मग त्याच्या मागचा.

"एकदम यायला हवेत. केबल ढिली असेल," थ्वी पुटपुटली.

चौथ्यानंतर सगळं थांबलं. चौथ्याच्या पायाशी देव्हारा होता. तिथं तीन उदबत्त्या लावूनच हान पुढं जायची. तेवढाच वेळ गेला आणि पाचवा उजळला.

तोआन गल्ल्यामागं बसून बघत राहिला. शेवटी दाराजवळचा नववा लागला.

फेरी संपली की हान तोआनच्या डावीकडच्या स्टुलावर येऊन टेकायची.

फरशीवर स्टूल घासल्याचा आवाज आला.

"राहू द्या बाबा, मी उभीच बरी आहे," स्क्रीनवरची नजर न काढता थ्वी म्हणाली.

तोआनचे दोन्ही हात मांडीवर होते.