वयाइतके दिवे

गिरणीतून येताना वळणावर स्कूटर घसरली. पायाशी ठेवलेला पिठाचा डबा उलटला आणि मी नखशिखान्त पांढरी झाले. तळाशी दोन वाट्या पीठ उरलं, ते घेऊन स्वतःच गाडी चालवत घरी आले.

दारात सून हादरलीच. सकाळी नळाची तोटी माझ्या हातात आली होती, दुपारी डाळ करपली होती आणि आता हे!

"आई, उद्या साठ पूर्ण होतील. आता तरी रिक्षानं जात जा."

"दोन महिन्यांपूर्वी शिकायला लागले तेव्हा मला गाडी स्टँडवरून काढता येत नव्हती. आज पडलेली गाडी एकटीनं उचलली."

तिनं डब्यात डोकावून पाहिलं. "वयाइतके कणकेचे दिवे करून ओवाळायचं होतं तुम्हाला. एवढ्या पिठात तीसच होतील."

"तीसच कर," पदरानं गाडीचा आरसा पुसत मी म्हटलं. "मला तेवढीच वर्षं झालीत."